उसनी राणी

आमचं मराठी ऐकून पुण्या-सोलापुराकडून इथल्या कारखान्यांत नोकरीला आलेली माणसं हसतात. हसू देत. बोलता बोलता अर्धं वाक्य कानडीत जातं आणि परत येतं, ते आमचं आम्हाला कळतही नाही. पण काही शब्द आमच्या घरांनी सोडले नाहीत. उसनं हा त्यातला एक. शेजारणीच्या दारात उभी राहून आमची बाई अजूनही म्हणते, "अक्का, वाटीभर कॉफीपूड उसनी द्या. शुक्रवारी देते."

एवढ्यात सगळं आलं. काय हवं, किती हवं, कधी परत मिळणार. दिवस सांगितला नाही तर ते नुसतं मागणं झालं. विरजण कुणी उसनं म्हणून मागत नाही, ते असंच द्यायचं असतं. मीठ हातावर देत नाहीत. दिवे लागल्यावर सुई देत नाहीत. कात्री तर आम्ही शिंपी माणसं हातात देतच नाही. खाली ठेवतो, घेणाऱ्याने उचलायची. साखरेची सपाट वाटी नेली तर शिगोशीग भरून परत येते. डबा नेला तर तो रिकामा येत नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी आत असते.

आणि एक नियम आहे, तो कुणी तोंडाने सांगत नाही. उसनं देणारीने परत मागायचं नसतं. सांगितलेला दिवस उलटला, महिना उलटला, तरी तिने समोरच्या बाईशी हसून बोलायचं आणि घेणारीला आपोआप आठवण होईल याची वाट बघायची.

मी परत मागितलं. म्हणून चामराजपुरमातल्या आमच्या लोकांत वाईट बाई कोण म्हटलं की माझं नाव निघतं. जिने परत केलं नाही तिचं कुणी काढत नाही. ती माझी मोठी जाऊ.

म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी बाहुल्या मांडतात. विषम संख्येत पायऱ्या करायच्या, त्यावर पांढरं कापड, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी. तिला पट्टाच्या बाहुल्या म्हणतात. लग्नात आई मुलीला ही जोडी देते आणि मुलगी ती सासरी दरवर्षी बसवते. रीत मूळची कानडी घरांची, पण इथे इतक्या पिढ्या काढल्यावर ती आमचीही झाली. नऊ दिवस बायका एकमेकींकडे बाहुल्या बघायला जातात, हळदीकुंकू घेतात, आणि रस्त्याला लागल्या की कुणाच्या राणीचा रंग उडालाय ते बोलतात.

माझं माहेर हुणसूरचं. वडील तंबाखूच्या बाजारासमोर एका ओट्यावर मशीन टाकून शिवायचे, आई घरी काजं-बटणं करायची. माझ्या लग्नात त्यांनी भांडी कमी दिली, पण जोडी रक्तचंदनाची दिली, चांगली दीड वीत उंच. बाहुलीचं लुगडं अंगावरच शिवतात, म्हणजे वर्षभर सुटत नाही. आईने ते शिवलं आणि सुरकुती राहिली म्हणून राणी पालथी घालून तिच्या अंगावरच कोळशाची इस्त्री फिरवली. इस्त्रीचं टोक पाठीला लागलं. लुगड्याचा तेवढा भाग आईने बदलला, पण लाकडावर त्रिकोणी काळा डाग बसला तो बसलाच. कपड्याखाली तो दिसायचा नाही. आई म्हणाली, "बरं झालं. हरवली तर ओळखता येईल."

सासरी आल्यावर मी पुढच्या खोलीत पायाचं मशीन टाकलं. साडीला फॉल, ब्लाउजं, परकर, जे येईल ते. नवरा स्वभावाने गरीब, कुणी गिऱ्हाईकाने घासाघीस केली की तो आत पाणी प्यायला जायचा. मग मीच बोलायला लागले. अस्तराचे तागे विकणाऱ्या व्यापाऱ्यासमोर मी दोन-दोन तास बसून असायची. तो चिडायचा, मी त्याच्यापेक्षा जास्त चिडायची, आणि शेवटी मी सांगितलेल्या दरातच सौदा व्हायचा. त्या खोलीचं पुढे दुकान झालं. अस्तर, जर, गोंडे, काठ, सगळं. त्या दुकानात कुणाचं काही नाही, दिराचंही नाही. हे मी एवढ्यासाठी सांगते की मला कुणाकडून फुकट काही नको होतं, आणि माझं कुणी फुकट नेलेलं मला चालणार नव्हतं.

मोठी जाऊ पलीकडच्या रस्त्यावर राहायची. मी तिला अक्का म्हणायची. तिला एकच मुलगी. मला मूल नाही. ती पुतणी बारा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की माझ्याकडे शिवण शिकायला यायची. मला ती काकू म्हणायची नाही, कानडीतलं चिकम्मा म्हणायची. मी मायाळू मास्तरीण नव्हते. टीप एक सूतभर वाकडी गेली की सगळं उसवायला लावायची. उसवतानाही धागा तुटता कामा नये. अखंड निघाला पाहिजे. तुटला तर दुसरं फडकं घेऊन पहिल्यापासून. ती रडायची, पण शिकली. सतरा वर्षांची झाली तेव्हा तिची उलटी टीप, एकेक टाका मागे वळवून घातलेली, माझ्याहून सरळ यायची.

त्या वर्षी श्रावणात हुणसूरला माझी आई गेली. दसरा आला तेव्हा बाहुल्यांची पेटी उघडायला माझा हात होईना. दसरा बसायच्या दोन दिवस आधी अक्का आली. पदराने तोंड पुसत बसली, कॉफी घेतली, मग हळूच म्हणाली, "माळ्यावरून काढताना माझ्या राणीची मान मोडली ग. पोरीला बघायला बन्नूरची माणसं सरस्वतीपूजेला यायचीत. वरच्या पायरीवर मोडकी राणी बघितली तर काय म्हणतील?"

"नवी आणा."

"दोन दिवसांत कुठली आणू? तुझी या वर्षी बसणार नाही म्हणालीस. उसनी दे. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आणून देते."

दिवस सांगितला होता. वस्तू सांगितली होती. मी पेटी उघडली, राणीला मऊ फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात आडवी घातली आणि डबा तिच्या हातात दिला. राजा पेटीतच राहिला.

बन्नूरचे लोक आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं, शेतीही होती. त्यांनी बाहुल्या बघितल्या, मुलगी बघितली, पसंती सांगून गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अगदी सांगितलेल्या दिवशी, अक्काने माझा पितळी डबा परत पाठवला. वर हळदीकुंकवाची पुडी. मी झाकण काढलं. आत चिरोटे होते. तुपात तळलेले, वर पिठीसाखर, एकावर एक नीट रचलेले. खालपर्यंत हात घातला. चिरोटेच होते.

रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत तिने पाळली होती. त्या चिरोट्यांचं मी काय केलं ते विचारू नका. गल्लीतल्या कुत्र्यांनी खाल्ले.

मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले.

"अक्का, राणी?"

"अय्यो, बसलेली जोडी लगेच मोडू नये म्हणाले भटजी. हिच्या पायगुणाने जमलं बघ. लग्न होऊ दे. मग देते."

"तुम्ही दसरा म्हणाला होतात."

"घरातल्या घरात काय दिवस मोजतेस? दुकानदारीण झालीस ती झालीस."

घरी आल्यावर नवऱ्याने तेच सांगितलं. "बिडी," म्हणाला. कानडीत बिडी म्हणजे सोडा. "वैनी घरच्याच आहेत. लाकडाची बाहुली ती. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले ते मला लवकरच कळलं. देवळात आमच्या बायकांची एकादशीची भजनं असतात. तिथे एकीने माझ्या शेजारी बसून, समोर बघत, टाळ वाजवत विचारलं, "काय ग, जावेच्या पोरीचं लग्न ठरलंय आणि तू तिच्या दारात बाहुली मागायला गेलीस म्हणे? दिलेलं मागतात का कुणी?" पुढची बाई हसली. अक्का तिच्या पलीकडे बसली होती, डोळे मिटून, फार भक्तीने.

मी व्यवहारी बाई. राग आला तरी सौदा सोडत नाही. लग्नाच्या महिनाभर आधी मी अक्काला सांगितलं, "पोरीला नवी जोडी घ्या. तिरुपतीकडून मागवू. अर्धे पैसे मी घालते. माझ्या आईची तेवढी परत करा." यात तिचा तोटा नव्हता. ती म्हणाली, "बघू." त्याच आठवड्यात पुतणी दुकानात आली. "चिकम्मा, तो जांभळा जरीचा तुकडा द्या ना, हातभर." लग्नातल्या बटव्याला हवा असेल असं समजून मी दिला. उसना नाही, तसाच दिला.

लग्न वैशाखात, बसस्टँडजवळच्या एका छत्रात झालं. छत्र म्हणजे आमच्याकडे लग्नाचं कार्यालय. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीच्या आधी मुलाकडच्या बायका रुखवत बघायला जमल्या. टेबलावर लाडू, चकल्यांचे मनोरे, विणलेली तोरणं. आणि मधोमध चांदीच्या ताटात राजा आणि राणी. राजा अक्काचा. राणी माझी. अंगावर जांभळं जरीचं लुगडं.

तिथवरही मी गप्प होते. खरं सांगते, मी मनाशी म्हणत होते की पोरीच्या ताटातून काढायची नाही, अक्काकडून नंतर वसूल करू. पोरीची सासू टेबलापाशी आली. जाड, गोरी, नाकात मोठी मोरणी. तिने राणीला बोट लावलं. "लाकूड जुनं दिसतंय. असं आता मिळत नाही. कुणाची जोडी?"

अक्का म्हणाली, "माझ्या आईची."

माझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं.

"कुणाच्या आईची, अक्का?" मी विचारलं.

"तू जरा पंगतीकडे बघ बाई, वाढप्यांना दक्षिणा द्यायचीय," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"कुणाच्या आईची?"

"माझ्याच की. आणखी कुणाच्या?" मग सासूकडे वळून, हसून, "ही माझी धाकटी जाऊ. दुकान चालवते. दुकानात दिवसभर घासाघीस करून करून सगळीकडे तिला आपलंच दिसतं."

बायका हसल्या. सासूही हसली.

मी ताटातून राणी उचलली. माझ्या पिशवीत धागे तोडायची छोटी कात्री कायम असते. ती काढली आणि राणीला पालथी करून लुगड्याची मागची टीप उसवायला घेतली. सरळ, बारीक, एकसारखी उलटी टीप होती ती. पहिल्या टाक्यालाच मी हात ओळखला. अख्ख्या म्हैसुरात तशी टीप घालायला मी एकाच मुलीला शिकवलं होतं.

ती मुलगी मुंडावळ्या बांधून माझ्यासमोर उभी होती. आधी तिला कळलंच नाही मी काय करतेय. मग पुढे आली. "चिकम्मा, उसवू नका."

मी उसवत होते.

"चिकम्मा, राणी न्या. मी आईला सांगते. नुसतं उसवू नका. पंधरा दिवस लागलेत मला."

मी थांबू शकले असते. निम्मीच टीप निघाली होती. डाग दिसायला तेवढी पुरेशी होती, पाठ उघडी झाली होती. पण मी शेवटपर्यंत गेले. धागा न तोडता, तिला शिकवलं होतं तसाच, अखंड काढला. लुगडं सुटून ताटात पडलं. मग उघड्या राणीची पाठ सगळ्यांसमोर धरली. "हा डाग बघा. इस्त्रीचा आहे. माझ्या आईच्या हातचा. आता सांगा अक्का, कुणाच्या आईची?"

अक्का खाली बघत होती. लग्नाच्या मांडवात, नवऱ्या मुलीसमोर, पट्टाची राणी नागवी करणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. एका म्हातारीने उठून मुलीच्या डोक्यावर पदर ओढला, जणू ती उघडी पडली होती.

सासू शांत होती. "ठेवून घ्या तुमची राणी," ती मला म्हणाली. मग अक्काकडे वळली. "राजा मात्र आम्ही नेऊ. एकटाच येऊ दे. दरवर्षी बसवू. चार बायका विचारतील, त्यांना सांगायला बरं."

राजा एकटा बन्नूरला गेला. जांभळं लुगडं पुतणीने घडी करून कमरेला खोचलं, तेवढं मी बघितलं. माझ्या पाया पडायला ती आली नाही. राणी मी पिशवीत घालून घरी आणली.

त्या दसऱ्याला माझी जोडी पुरी बसली. राणीला मी हिरवं लुगडं शिवलं. बाहुल्या बघायला तीन बायका आल्या, त्याही भाडेकरू, नव्या, ज्यांना काही माहीत नव्हतं.

बन्नूरला काय चाललंय ते मला कुणी सांगायचं कारण नव्हतं. पण दुकानाला कान असतात. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी तिकडची एक बाई परकराचं कापड घ्यायला आली. सोबतच्या बाईला सांगत होती, "अगं, त्या कापडवाल्यांकडे वरच्या पायरीवर राजा एकटाच. शेजारी रिकामा पाट, त्यावर सुपारी. कुणी विचारलं की सासू सुनेला हाक मारते, कुंकवाचं ताट घेऊन उभी करते, आणि तिच्यासमोर सांगते. हिची कुणी चिकम्मा होती म्हणे, भर मांडवात बाहुली नागवी केली. आमच्याकडे अर्धी जोडी आली आणि ही आली, म्हणते."

"आणि सून?" सोबतच्या बाईने विचारलं.

"सून काय करणार? कुंकू लावते. पुढची येते, परत सांगते. नऊ दिवस."

मग ती माझ्याकडे वळली. "काय हो, मीटरमागे काही कमी करा की."

त्या दिवशी मी तिला एक पैसा सोडला नाही.

मी बन्नूरला गेले नाही. बस तासाभरात पोचते. दर दसऱ्याला राणी पाठवून द्यायचं मनात यायचं, आणि दर दसऱ्याला वाटायचं, मी का? चोरी मी केली नव्हती. अक्काने जाऊन तिथे एकदा खरं सांगायला हवं होतं. ती कधी गेली नाही. सणावारी लेकीला माहेरी आणायची आणि गोड करून घालायची, बस. मी तिची वाट बघत राहिले. असा हट्ट मला व्यापारात उपयोगी पडला आहे. इथे त्याचं भाडं पोर भरत होती, हे मला कळत होतं.

अकरा वर्षं गेली. नवरा थकला. बन्नूरची ती सासू गेल्याचं ऐकलं. त्या वर्षी दसरा बसायला चार दिवस राहिले असताना भर दुपारी पुतणी दुकानात आली. अंगाने भरली होती, कानशिलावर चार पांढरे केस. गिऱ्हाईकं होती. ती बाकावर बसून राहिली. गर्दी जरा कमी झाल्यावर म्हणाली, "चिकम्मा, राणी उसनी द्या. नऊ दिवस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणून देते."

तेच शब्द होते तिच्या आईचे. तिला ते माहीत होतं की नाही, मला आजवर विचारता आलेलं नाही.

मी म्हटलं, "उसनी कशाला? कायमची ने. तुझीच म्हणून ने."

"कायमची नको. उसनी द्या."

"अगं, मी मनापासून देतेय."

"मी उसनी मागितली," ती म्हणाली.

आतून राणी आणली. हिरव्या लुगड्यातली. तो जुना पितळी डबाही आणला. तिने राणी काउंटरवर पालथी घातली. "कात्री द्या."

मी कात्री काउंटरवर ठेवली. हातात देत नाहीत. तिने उचलली. दुकानात तेव्हा दोन बायका गोंडे बघत होत्या, त्या थांबल्या. पुतणीने माझी टीप उसवायला सुरुवात केली. बाक जवळ ओढून, घाई न करता, एकेक टाका. मी तिच्यासमोर उभी होते. मला म्हणता आलं असतं, उसवू नकोस. तिने तेच म्हटलं होतं. म्हणून मी म्हटलं नाही. धागा अखंड निघाला. तिने तो बोटाला गुंडाळून माझ्यापुढे ठेवला, हिरव्या लुगड्याची घडी केली, तीही माझ्यापुढे ठेवली. उघडी राणी दोन्ही बायकांना दिसत होती, पाठीवरच्या डागासकट.

"लुगडं माझ्याकडे आहे," ती म्हणाली. राणीला डब्यात घातलं आणि साडेतीनच्या बसने गेली.

त्या वर्षी माझा राजा एकटा बसला. बाहुल्या मांडल्या नसत्या तरी चाललं असतं, पण मी माघार घेणारी नाही, मांडल्या. एव्हाना माझ्याकडे बायका परत यायला लागल्या होत्या. पहिलीनेच विचारलं, "राणी कुठाय?" मी सांगितलं, "बन्नूरला दिलीय, उसनी." ती "हो का" म्हणाली आणि हळदीकुंकू घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुप्पट बायका आल्या. सगळ्या वरच्या पायरीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मी कुंकू लावत होते. पाचव्या दिवशी काठी टेकत अक्का आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पायऱ्यांसमोर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं, आणि खोलीभर बायका असताना म्हणाली, "राणी दिसत नाही ग तुझी. मान बिन मोडली की काय?"

मी तिलाही कुंकू लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतणी स्वतः डबा घेऊन आली. दिवस चुकवला नाही. कॉफी घेतली नाही, बसची वेळ झाली म्हणाली. ती गेल्यावर मी झाकण काढलं. वर चिरोटे नव्हते. मूठभर तांदूळ होते, त्यावर राणी पालथी, उघडी. डाग वर. कुठे ओरखडा नाही, रंग तसाच, तेल लावून पुसलेली. उसनं परत करायच्या सगळ्या रीती तिने पाळल्या होत्या. मी उजेडात धरून बघितली, खोट काढायला जागा नव्हती.

तेव्हापासून ती दरवर्षी येते. दरवर्षी मी म्हणते, कायमची ने. दरवर्षी ती म्हणते, उसनी द्या. मी राणीला लुगडं शिवून ठेवते, ती काउंटरपाशी बसून उसवते, माझ्यासमोर धागा ठेवते आणि जाते. बन्नूरला आता वरच्या पायरीवर जोडी असते, जांभळ्या लुगड्यात, बघायला लांबून बायका येतात असं ऐकते. माझा राजा नऊ दिवस एकटा असतो. अक्का वारली. तिने शेवटपर्यंत बन्नूरला जाऊन खरं सांगितलं नाही, आणि आता ते सांगायला दुसरं कुणी नाही.

लोकांच्या दृष्टीने यात तक्रार करण्यासारखं काय आहे? वस्तू मागितली, दिवस सांगितला, त्या दिवशी परत केली. आमच्या गल्लीत उसनं देण्याघेण्याचा याहून चोख व्यवहार कुणी केला नसेल. बायका तिचं कौतुक करतात. माझंही करतात, जुनं विसरून देते म्हणून. मी त्यांना काय सांगू?

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांना सुई नीट दिसत नव्हती. आणि खरं सांगायचं तर ती आली की निघायचंच आहे म्हणून मी लुगड्याला उलटी टीप घातली नाही. लांब लांब टाक्यांचा नुसता धावदोरा घातला. एका टोकाला ओढला की सरसर निघेल असा. म्हटलं, लवकर आटपेल.

ती आली, बाकावर बसली. राणी पालथी घातली, टिपेवरून अंगठा फिरवला. कात्री उचलली नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"धावदोरा कशाला घातलात, चिकम्मा?" ती म्हणाली. "उलटी टीप घाला. मी बसते. मला वेळ आहे."